काय मोडलं होतं ते आठवून या

४ मार्च

मावशी,

नमस्कार आधी, कारणं नंतर. बोटीला रंग द्यायचं काम सुटलं. म्हणजे बोटच सुटली, आणि मी तेव्हा धक्क्यावर एका माणसाकडून दोरखंडाची गाठ शिकत होतो. गाठ फार सुंदर होती, म्हणून रागावू नकोस.

आता नवं शहर, नवी खोली (खिडकीसमोर भिंत, भिंतीवर मांजर) आणि नवं काम. आम्ही नव्या वस्तू जुन्या करून देतो. कॉफीची दुकानं निघतात ना, त्यांना सगळं जुनं लागतं. खरं जुनं महाग पडतं आणि त्यात ढेकूण असतात. मग आम्ही कोऱ्या पत्र्यावर मिठाचं पाणी आणि व्हिनेगर फवारतो, दोन दिवसांत आजोबांच्या काळचा गंज. टेबलांना साखळीने बदडतो. भिंती चहाच्या पाण्याने पुसतो. मालकांना आम्ही गंजसाहेब म्हणतो, तोंडावर नुसतं साहेब. माझं काम बारीक ड्रिलने लाकडाला भोकं पाडायचं. कामाच्या फळ्यावर माझ्या नावासमोर रोज 'वाळवी' असं लिहिलेलं असतं. या पोराचं पुढे काय होणार असं तू विचारायचीस ना, ते हे झालं.

पण बढतीही झाली. एका दुकानात 'या जागेचा इतिहास' भिंतीवर लिहायचा होता आणि लिहिणारी बाई आजारी पडली. मी भोकं पाडता पाडता बडबडत होतो की ही जागा लोहाराची असणार, बघा, उंबरा एकाच बाजूने झिजलाय, लोहार ओझं एका खांद्यावर घेतो. उंबरा आम्हीच आदल्या दिवशी ग्राइंडरने झिजवला होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. गंजसाहेब म्हणाले, "हेच लिही. फक्त लोहार जरा देखणा कर." इतिहासात माझे गुण मास्तरांनी वर्गाला हसवायला वाचून दाखवले होते. त्यांना कुणीतरी कळवा.

आता कंपनीच्या पुस्तिकेसाठी एक चांगली गोष्ट हवी आहे. मला तुझं बॅग दुरुस्तीचं दुकान आठवलं. छताला इतक्या बॅगा का टांगून ठेवतेस हे तू मला कधी नीट सांगितलं नाहीस. सांग. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

तुझा
भोवऱ्या


१५ मार्च

चि. भोवऱ्या,

फोन गिऱ्हाइकांसाठी असतो. शिवाय फोनवर तू धडाधड खोटं बोलतोस, कागदावर जरा तरी अडखळतोस. पत्रच बरं.

गल्लीचं विचारलं नाहीस तरी सांगते. इस्त्रीवाले काका मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी एक मुलगी मेणबत्त्या विकते. काचेत एकच मेणबत्ती ठेवते. मी पहिल्या दिवशी विचारलं, बाकीचा माल कधी येणार? लेथवाल्या भाऊंच्या खोलीत आता झाडांचं दुकान आहे. लेथ मशीन तिथेच राहिलं, ते हलवायला क्रेन लागली असती. त्याच्यावर कुंड्या मांडल्यात. भाऊ परवा येऊन बघत उभे राहिले, मग म्हणाले, "तीस वर्षं याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता." आणि हसले. मला हसू आलं नाही. न्हाव्याकडे आता आधी नंबर लावावा लागतो. कात्री तीच आहे.

पण फार हळहळू नकोस. तुझ्या काकांचे वडील, म्हणजे माझे सासरे, इथे आले तेव्हा ही गल्ली घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्यांची होती. मोटारी आल्या, घोडे गेले, आणि सासऱ्यांनी एका खोगीरवाल्याची जागा त्याच्या दाभणासकट घेतली. तो पुढे कुठे गेला? मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चहा टाक." तेव्हा इथे नवे आपण होतो.

बॅगांचं कारण साधं आहे. सासूबाईंचा नियम: दुरुस्तीला आलेली वस्तू दुसऱ्याची, ती विकायची नाही आणि टाकायची नाही. कुणी न्यायला आलं नाही तर आत कागदाचे बोळे भरायचे, चामड्याला तेल लावायचं आणि टांगायची. सध्या एकसष्ट आहेत. चिठ्ठीवर आम्ही नाव लिहीत नाही. सासूबाई म्हणायच्या, माणसं नाव खोटं सांगतात, बिघाड खरा सांगतात. म्हणून चिठ्ठीवर तारीख, दर आणि काय मोडलं होतं ते, एवढंच. न्यायला येणाऱ्याने ते बरोबर सांगायचं आणि बॅग घेऊन जायची.

तुझ्या आईकडे मी चार दिवस राहायला का येत नाही, त्याचंही कारण हेच. नेमकं तेव्हाच कुणी आलं तर?

जागेच्या मालकीणबाई आता थकल्या. त्यांची नात येते. गोड आहे बोलायला. परवा लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्राने दुकान मोजून गेली. रंग देणार असतील.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र गंजसाहेबांना वाचून दाखवलं, सासरे आणि चहा वगळून. ते खुर्चीवरून एकदम उठले. खुर्ची आमच्याच कारखान्यातली, एक पाय मुद्दाम आखूड केलेला, त्यामुळे उठले की कलंडले ते नक्की सांगता येत नाही.

पुस्तिकेत आलंय ते असं:

"बंदराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत एक वृद्ध कारागीर आजही वाट पाहते आहे. दूरदेशी निघालेल्या प्रवाशांनी आपल्या बॅगा तिच्या हाती सोपवल्या आणि म्हटलं, परत येऊ. ती रोज समुद्राकडे तोंड करून त्या पुसते."

बंदर माझं. बोट चुकल्यापासून डोक्यातून जात नाही. 'वृद्ध' साहेबांचं. ते म्हणाले, धडधाकट माणूस वाट पाहत बसला तर लोकांना वाटतं याला काही कामधंदा नाही. सोबत तुझ्या दुकानाचा फोटो आहे, मागच्या खेपेला मी काढलेला. वर मथळा: 'तुमच्या जागेतही अशी गोष्ट दडली आहे'. पुस्तिका गावोगावच्या घरमालकांना गेली. माझी वाळवी बंद झाली, आता मला टेबल आहे.

रंग देणार असतील तर फिकट हिरवा देऊ देऊ नकोस. तो दवाखान्याचा रंग. तसा तो तुझ्या भिंतींना आधीपासूनच आहे म्हणा. आमच्याकडे एक माणूस फक्त रंगांची नावं ठेवतो, परवा त्याने एका करड्या रंगाचं नाव 'आत्याचं मौन' ठेवलं. त्याच्याबद्दल एकदा सविस्तर लिहीन.

तुझा
भोवऱ्या


२१ एप्रिल

चि. भोवऱ्या,

मी चोपन्न वर्षांची आहे. आणि इथून समुद्र बघायचा तर रेल्वेने दोन दिवस लागतात.

नातबाई तुझी पुस्तिका हातात घेऊन आली. फोटो बघताच तिने आजीची इमारत ओळखली. मला समोर बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'परत येऊ' वाचताना तिचा आवाज कापला. मी एका चेनचा रनर बसवत होते, दोनदा दात चुकले. म्हणाली, "मावशी, तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, "मलाही आत्ताच कळतंय."

तू लिहिलंस हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता पुढचं ऐक. तिला आधी खरंच रंगच द्यायचा होता. रंग द्यायचा आणि भाडं थोडं वाढवायचं, एवढाच बेत. तुझी गोष्ट वाचून तिला इथे कॉफीचं दुकान काढायचं सुचलं. भागीदारही मिळाला. नाव ठरलंय 'परत येऊ'. बॅगा छताला आहेत तशा राहणार. मी तेवढी नसणार. तीस सप्टेंबरला जागा मोकळी करून द्यायची आहे. आपल्याकडे कागद नाही, सासऱ्यांनी तोंडी घेतली होती आणि तोंडीच चालत आली.

मला बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, नव्या इमारतीत एक गाळा देते म्हणाली. बघून आले. स्वच्छ आहे. समोर मोठा रस्ता आहे आणि त्यावर चालणारं कुणी नाही. चाक तुटलेली बॅग उचलूनच आणावी लागते, ती घेऊन इतक्या लांब कोण येईल? तिथे गेले तर महिनाभरात धंदा बसेल, हे मला दिसतंय.

बॅगांचे पैसे द्यायला तयार आहे. मी म्हटलं, त्या माझ्या नाहीत. तर म्हणाली, "तेच तर किती सुंदर आहे."

तुझ्यावर रागावले आहे का ते विचारू नकोस. अजून ठरवलेलं नाही.

मावशी


५ मे

मावशी,

तीन दिवस नुसता टेबलाशी बसून आहे. गंजसाहेबांकडे गेलो, म्हटलं ती गोष्ट मागे घ्या, ती माझ्या मावशीची आहे. म्हणाले, "मावशी तुझी. वृद्ध कारागीर कंपनीची."

वर त्यांनी तुझ्या दुकानाचं काम घेतलंय. दर्शनी फलक मी लिहायचा आहे. तुझ्या दुकानाचे फोटो आले, त्यावर शेरा मारलाय: 'पुरेसं जुनं वाटत नाही.' दोन पिढ्यांचं दुकान, मावशी. तू रोज फडकं मारतेस त्याचा हा परिणाम.

मी उपाय शोधतोय. पहिला, ढेकूण सोडणे. दुसरा, त्या खोलीत कुणीतरी भयंकर रीतीने मेलं होतं असं लिहून देणे. हा मी साहेबांच्या कानावर सहज घातला, तर म्हणाले त्याने भाव वाढतो. तिसरा अजून सुचलेला नाही.

यायला हवं असेल तर आज निघतो. निघणं मला जमतं, हे तुला माहीत आहे.

भोवऱ्या


१८ जून

चि. भोवऱ्या,

येऊ नकोस. आलास की तुला आणखी काहीतरी सुचेल.

उत्तराला उशीर झाला, दुकानात माणसं येताहेत. नातबाईने तो फोटो मोठा करून शटरच्या बाजूला लावला आणि खाली 'लवकरच' लिहिलं. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ थांबले. "ती तपकिरी माझी." मी विचारलं, काय मोडलं होतं? "चेन." चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर होतं: हँडल, डावीकडचं, चावलेलं. म्हटलं, ही तुमची नाही. मग कबूल झाले, त्यांना घरातल्या भिंतीवर टांगायला एक वाट पाहणारी बॅग हवी होती. असे चार-पाच येऊन गेले. एकाने समुद्र कुठे आहे विचारलं. न्हाव्याने त्याला सरळ जाऊन डावीकडे वळायला सांगितलं.

पण मंगळवारी एक बाई आल्या, पांढरे केस, हातात काठी. बराच वेळ फोटोकडे बघत होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, "कुत्र्याने खाल्लं होतं ते हँडल. तो नंतर बारा वर्षं जगला." मी तपकिरी बॅग खाली काढली. त्यांनी कागदाचे बोळे काढले, चेन दोनदा पुढे-मागे केली, हँडल धरून उचलून पाहिलं. "छान झालंय. किती द्यायचे?" एकोणीस वर्षांनी विचारत होत्या. मी चिठ्ठीवरचाच दर घेतला.

मी म्हटलं, इतके दिवस आला नाहीत? तर म्हणाल्या, "आमची गल्लीतली खोली सुटली. मग एकदा इथून गेले तर सगळंच बदललेलं. वाटलं, तुम्हीही गेला असाल."

तेव्हापासून ते डोक्यात आहे. माणसं गल्लीतून गेलीत, शहरातून नाही. मला तर जायचंच आहे. पण दुसऱ्यांच्या साठ वस्तू अशा लटकत्या ठेवून मी जाणार नाही. फोटोत पुढचीच रांग आली आहे. मेणबत्तीवालीने सगळ्यांचे वेगवेगळे फोटो काढून दिले, ते सोबत पाठवते. चांगली मुलगी आहे, आता काचेत दोन मेणबत्त्या ठेवते.

तू लिहितोस ना? मग हे लिही: या बॅगा कुणाच्या आहेत. काय मोडलं होतं ते तू लिहायचं नाहीस, ते त्यांनी सांगायचं. आणि समुद्र घालू नकोस.

मावशी


९ जुलै

मावशी,

काम फत्ते. गंजसाहेबांना दाखवला तो फलक वेगळा आणि छापायला दिला तो वेगळा. गुंडाळी करून, वर 'नाजूक' लिहून रवाना केला. तुझ्याकडच्या कामगारांनी न वाचता चिकटवला असेल, वाचणं हे काही त्यांचं काम नाही. साठ फोटो आणि खाली एवढंच: 'तुमची असेल तर घेऊन जा. येताना काय मोडलं होतं ते आठवून या.'

दोन वाक्यांत थांबायची ही माझी पहिलीच वेळ. हात शिवशिवत होता. त्या लाल बॅगेशेजारी निदान एक छोटं वादळ तरी शोभलं असतं. पण नाही घातलं.

आणि तुझा डाव मला कळला बरं का. बॅगा गेल्या की गोष्ट गेली, गोष्ट गेली की भागीदार पळाला, तो पळाला की दुकान वाचलं. लिहितेस किती साळसूदपणे, आणि आहेस किती पोचलेली. मी इथे सगळ्यांना तुझं कौतुक सांगितलं, म्हणजे मांजराला.

मला अर्थातच काढून टाकलं. गंजसाहेब ओरडले नाहीत. फलकाची एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली, म्हणाले, "चांगला झालाय. निघ आता." टेबल परत करताना त्याला मीच पाडलेली भोकं दिसली. चांगली वाळवी होतो मी.

उद्या खोली सोडतो. डोंगरात कुठेतरी मोजणी करायला माणसं हवी आहेत असं एकाने सांगितलंय. कशाची मोजणी ते विचारायचं राहिलं. पत्ता ठरला की कळवतो.

भोवऱ्या


४ ऑक्टोबर

चि. भोवऱ्या,

डाव वगैरे काही नव्हता रे. मला मोकळ्या हातांनी जायचं होतं, एवढंच.

फलक लागला त्या दिवसापासून दुकानाबाहेर रांग. दोन बहिणी एका निळ्या बॅगेसाठी आल्या. लॉक मोडलं होतं हे दोघींना मान्य, ते कुणी मोडलं यावरून दुकानात भांडल्या आणि भांडत भांडतच बॅग घेऊन गेल्या. एक मास्तर आले, त्यांना काही केल्या बिघाड आठवेना. तीन दिवस रोज येऊन एक नवा बिघाड सांगायचे. चौथ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "तळ." बरोबर होतं. आणि इस्त्रीवाले काका. त्यांची बॅग अकरा वर्षं माझ्या छताला होती आणि दुकान माझ्या समोर. म्हणाले, "रोज दिसत होती ना, मग वाटायचं, आहे की."

नातबाई शिडीखाली उभी राहून म्हणायची, "मावशी, निदान पुढची रांग तरी राहू द्या." मी म्हणायचे, ती रांग त्यांची आहे, त्यांना विचार. विचारायची बिचारी. कुणी दिली नाही. मग भागीदाराने नव्या बॅगा घेऊन तुझ्या साहेबांकडून जुन्या करून आणायचं ठरवलं. नमुन्याला एक आली. तिची चेन अडकत होती, मी सवयीने नीट करून दिली.

शेवटी तीन उरल्या. त्यातल्या दोन बॅगांच्या माणसांचा पत्ता लागला, पण त्यांना चालवत नाही. मग दुकानाला कुलूप लावून मी बसने नेऊन दिल्या. तिसरीचा माणूस आता नाही. त्याच्या मुलीला विचारलं काय मोडलं होतं, तर तिला ठाऊक नव्हतं. तरी दिली. सासूबाईंची मनात माफी मागितली.

मग पहिल्यांदा छत दिसलं. करडं आहे, मधोमध ओल. भागीदार येऊन वर बघत राहिला, म्हणाला, अशा खोल्या त्याच्याकडे आणखी चार आहेत. तो गेला तो गेलाच.

एकोणतीस तारखेला मी शिलाई मशीन पायापासून सोडवत होते. नातबाई आली आणि उलट्या डब्यावर बसली.

"आता या जागेचं काय करू मी?"

"भाड्याने दे."

"कुणाला?"

"ते तू मला अजून विचारलं नाहीस."

तिने मशीनचा एक सुटलेला स्क्रू उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "तुम्ही राहाल?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही मालकीणबाईंकडे कधी काही मागितलं नाही, ना कागद, ना त्या ओलीचं काही. दुसऱ्यांच्या इतक्या वस्तू सांभाळायच्या असल्या की 'निघा' म्हणतील अशी वेळ माणूस येऊ देत नाही. त्या दिवशी मशीन सुटं झालं होतं, छत रिकामं होतं, आणि मला त्या शेवटच्या थांब्यापलीकडच्या गाळ्याचीसुद्धा भीती वाटेना. मी म्हटलं, "बघते." स्क्रू काढत राहिले. ती घाबरली. मग मी अटी सांगितल्या. दहा वर्षांचा कागद. ओल काढायची. रंग मी म्हणेन तो, फिकट हिरवा.

भाडं वाढलं. त्यामुळे मलाही दर वाढवावे लागले आणि नेहमी येणाऱ्या शाळेतल्या बाई कुरकुरल्या. त्यांना मी जुनाच दर लावते. समुद्र विचारत येतात त्यांना नवा. म्हणजे मीही थोडी मेणबत्तीवाली झाले, हे मला कळतं. खोगीरवाल्याला हे सांगितलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

काल सही केली. त्याआधी दोन दिवस कागद वाचत होते. व्यवसायाच्या रकान्यात नातबाईने 'पारंपरिक वारसा कारागीर' लिहिलं होतं. ते खोडायला लावून 'बॅग दुरुस्ती' करून घेतलं.

तू पत्ता कळवला नाहीस, म्हणून हे तुझ्या जुन्या साहेबांच्या पत्त्यावर टाकते आहे. साहेब, तुम्ही पाकीट उघडलंच असेल तर वाचून झाल्यावर नीट चिकटवा आणि पोरगा भेटला की द्या. मावशी रागावलेली नाही, हे त्याला तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगितलं तर तो त्याची गोष्ट करेल.

मावशी